दुपटं धुऊ नका

बाजारामागच्या धर्मादाय दवाखान्याच्या ट्रस्टींनी आमच्या डॉक्टरीणबाईंना फसवलं. बाळांसाठी एक खोली कायमची देतो म्हणून शब्द दिला आणि पुढं ती खोली काढून घेतली. शब्द दिला तेव्हा मी त्याच टेबलाशी बसलो होतो. त्यामुळे "असं काही ठरलंच नव्हतं" हे निदान मला तरी कुणी सांगू नये.

मी भाजीचा अडत्या. अकोल्याच्या जुन्या शहरात डोक्यावर कोथिंबिरीचं टोपलं घेऊन गल्ल्या पालथ्या घातल्या, आणि आज अमरावतीच्या बाजारात माझा स्वतःचा गाळा आहे. तोंडाचा फटकळ आहे, घासाघीस केल्याशिवाय मला जेवण पचत नाही. असला माणूस कुणाची स्तुती करायला बसला, तर त्यामागं तसंच कारण असणार, एवढं तुम्ही धरून चाला.

बाई बाळांच्या सर्जन. बोलता येत नाही, मान धरता येत नाही, अशा लेकराच्या पोटात काय अडलं आहे ते शोधून काढणं हे त्यांचं काम. तुम्ही त्यांच्या खोलीत कधी गेला असाल तर पहिला प्रश्न तुम्हाला आठवत असेल. नाव नाही, गाव नाही. "दुपटं आणलं का?"

ज्या दुपट्यावर बाळ ओकलं, ते. न धुतलेलं. बाई ते खिडकीशी न्यायच्या, उजेडात ताणून धरायच्या, आणि सराफ नोटेकडं पाहतो तसं पाहायच्या. मग टेबलावरचा चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरायच्या. पाहणाऱ्याला वाटायचं, आता चहा घेतील. चहा त्या घ्यायच्याच नाहीत. तो ग्लास हात शेकायला होता. गार हात लागला की बाळ पोट आवळून घेतं, आणि आवळलेलं पोट काही सांगत नाही, असं त्या म्हणायच्या. हात गरम झाले की बाळाच्या पोटावर ठेवायच्या आणि गप्प बसायच्या. चहावाला रोज भरलेला ग्लास परत न्यायचा आणि रोज बडबडायचा, "बाईले चहा काहून देता, गरम पाणी द्या ना बावा."

त्यांची आणि माझी पहिली गाठ माझ्या गाळ्यावर पडली. सकाळचा लिलाव आटोपला होता. मध्यम वयाच्या, बारीक अंगाच्या एक बाई आल्या आणि म्हणाल्या, "एक पिकलं लिंबू, एक कारलं आणि पालकाचं एक पान द्या."

"पालकाची जुडी असते," मी म्हणालो.

"मला पान पाहिजे."

"पान आमी विकत नाही."

"मग तसंच द्या."

बाजारात इतकी वर्षं काढली, पण असं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. मी पान दिलं, वर टोमणाही दिला, "सयपाक मोठा दिसते घरी." बाईंनी मान डोलावली. पुष्कळ मागाहून कळलं, त्या हे सगळं थाळीत मांडून नर्सबायांना उलटीचे रंग शिकवत होत्या. लिंबासारखी पिवळी असेल तर बघू, तपासू. पानासारखी हिरवी असेल तर धावत या. "पित्त हिरवं असतं. ते वर आलं, म्हणजे खालची वाट बंद आहे. बाळ कितीही मजेत दिसू दे." हे त्या इतक्या वेळा म्हणायच्या की दवाखान्याच्या झाडूवालीलाही पाठ झालं होतं. दर आठवड्याला पान न्यायला त्या यायच्या, आणि दर आठवड्याला मी टोमणा मारायचो. दोघांनाही सवय झाली.

मग माझ्या घरची वेळ आली.

सुनेला मुलगी झाली, माझी पहिली नात. घरी आणून थोडेच दिवस झाले होते. एका सकाळी ती दूध पिऊन ओकली. बायको म्हणाली, "सून मेथी खाऊन राहिली ना. तेच उतरलं दुधात. भाजीवाल्याच्या घरचं लेकरू हिरवं नाही ओकन तं कोणाचं ओकन?" आम्ही हसलो. दुपारच्या आत ती पुन्हा ओकली, तेव्हा मात्र सून म्हणाली, दवाखान्यात नेऊ. बायकोनं आधी दुपटं धुतलं, बाळाला कोरं फडकं गुंडाळलं, काजळाची तीट लावली आणि मग आम्ही निघालो. दवाखान्यात लेकरू स्वच्छ न्यायचं, ही आपल्याकडची रीतच आहे. देवळात जाताना पाय धुतो तशी.

"दुपटं आणलं का?" बाईंनी विचारलं.

"धुतलं ना," बायको अभिमानानं म्हणाली. "घाण घेऊन येऊ का दवाखान्यात?"

"रंग कोणता होता?"

"पिवळा. हळदीवानी," बायकोनं ठोकून दिलं; घरी हिरव्यावर हसलो होतो, ते दवाखान्यात सांगायची तिला लाज वाटली.

सून खाली पाहत होती. बाईंनी तिच्याकडं एकदा पाहिलं आणि आम्हा दोघांना म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसा."

"मी आजी हाय तिची," बायको म्हणाली.

"म्हणूनच."

बाहेर बसून बायकोनं बाईंचा, त्यांच्या शिक्षणाचा आणि त्यांना घडवणाऱ्या मास्तरांचा उद्धार केला. आत सुनेनं सांगितलं ते मला नंतर कळलं. बाईंनी तिला विचारलं होतं, "सासऱ्यांच्या गाळ्यावर पालक असतो, तसा रंग?" आणि तिनं मान हलवली होती. सासूसमोर तिला ते बोलता आलं नसतं, कारण सासूनं मेथीचं नाव घेऊन ठेवलं होतं आणि मेथी खाल्ली होती तिनं.

बाईंनी मला आत बोलावलं आणि फोटो काढायचा म्हणाल्या. बाळाला नळीतून थोडं औषध द्यायचं, ते आतड्यातून कसं उतरतं ते एक्स-रेवर पाहायचं. आतड्याला पीळ पडल्याचा संशय होता. पडला असेल तर लगेच ऑपरेशन.

आता तुम्हीच सांगा. पोट मऊ होतं. ताप नव्हता. पोरगी माझ्याकडं टकमक पाहत होती. मी माल पाहून बोली लावणारा माणूस. मी म्हणालो, "बाई, आजच्या दिवस औषधावर पाहू. उद्या सकाळी मी सोता घेऊन येतो."

"नाही."

"बरं, संध्याकाळी."

"नाही."

"थोडं तं थांबान. एवढी काय घाई करून राहिल्या तुमी?"

बाई एरवी शुद्ध बोलायच्या. रागावल्या की वऱ्हाडी बाहेर यायची. त्या दिवशी मी ती पहिल्यांदा ऐकली. "भाऊ, वांग्याचा भाव करा, मिरचीचा करा. टायमाचा भाव मी करत नसते. पीळ पडलेल्या आतड्यात रक्त जात नाही. ते आता गुलाबी आहे का काळं, हे बाहेरून मले दिसत नाही आन् तुमालेही दिसत नाही. पोट फुगून टणक व्हायची वाट पाहाची हाय का?"

मी आवाज चढवला. त्यांनीही चढवला. बाहेरची माणसं दारात गोळा झाली. आणि हे चाललं असताना बाळाला त्या खोलीतून शेजारच्या एक्स-रेच्या खोलीत नेलंसुद्धा होतं, कारण सुनेनं केव्हाच अंगठा उठवावा तशी सही करून दिली होती. मी भांडत बसलो होतो ते सौदा झालेल्या मालावर.

फोटोत औषध नीट खाली उतरण्याऐवजी वरच अडून गोल फिरलेलं दिसत होतं. चरकात उसाचं चिपाड पिळवटून येतं, तसं. बाईंनी मला ते दाखवलं, समजावलं नाही. भूल देणारे डॉक्टर येऊन उभे होते. दार बंद झालं.

बाहेर आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "पीळ सोडवला. आतडं जांभळं होतं, गरम कापडात धरून बसले, मग गुलाबी झालं. काही कापावं लागलं नाही." आणि बायकोकडं वळून, "मेथीनं काही होत नाही. सुनेला मेथी द्या."

बायकोनं पुढं जितक्या बाळंतिणी पाहिल्या तितक्यांना तिनं बजावलं, दुपटं धुऊ नका. भांडून शिकलेली गोष्ट माणूस विसरत नाही.

त्यानंतर मी बाईंचा दलालच झालो म्हणा. बाजारात कुणाचं लेकरू ओकलं की माणसं आधी माझ्याकडं यायची. अकोल्याच्या जुन्या शहरातला माझा लहानपणचा शेजारी बांगड्यांचा धंदा करतो. त्याची आई अजून आहे, सगळी गल्ली तिला बडी अम्मी म्हणते. अम्मी आणि तिची नातसून आठ महिन्यांचं पोर घेऊन इकडं अमरावतीला एका लग्नाला आल्या होत्या. पोर मधूनच कळवळून रडायचं, पाय पोटाशी घ्यायचं, मग एकदम गप्प. पांढरंफटक. थोड्या वेळानं पुन्हा तेच. अम्मीनं मिरच्या उतरवून जाळल्या होत्या. मी म्हणालो, चला.

अम्मीनं आत पाऊल टाकता टाकता पदराखालून एक पिशवी काढली. "ये लो. इसने बोला, दुपटं धोना नाही. तं मी नाही धुतलं."

दुपट्यावर उलटीचा काही खास रंग नव्हता, पण लंगोटात लालसर, जेलीसारखं काही होतं. बाईंनी ग्लासाला हात शेकले, पोराच्या पोटावर ठेवले आणि बसल्या. पोर रडत होतं तोवर काही केलं नाही. रडणं थांबलं, अंग सैल पडलं, तेव्हा बोटं अगदी हळू फिरली. पुन्हा रडलं, पुन्हा थांबल्या. मला बसवेना. अम्मी माझ्या कानाशी लागली, "अरे, डॉक्टरनीले डुलकी लागली का?"

"जागी आहे, अम्मी," बाई डोळे न उघडता म्हणाल्या. "गाठ सापडली."

मग त्यांनी आपल्या ब्लाउजची बाही वर सरकवून दाखवली. बाहीचा एक भाग दुसऱ्या भागात गेला. आतडं असं आतड्यात शिरतं. पोर रडतं तेव्हा आतडं आवळतं, सैल पडलं की पोर गप्प. घरच्यांना वाटतं, राहिलं दुखायचं. सोनोग्राफीच्या यंत्रावर त्यांनी अम्मीला ती गाठ दाखवली, चकलीसारखी, एकात एक गोल. खालून नळीनं मिठाचं पाणी हळूहळू सोडलं आणि यंत्रावर पाहत राहिल्या. शिरलेलं आतडं मागं सरकत सरकत सुटलं. चाकू लागला नाही. पोर तिथंच झोपून गेलं.

त्या दिवशी मी बाईंना चहा पिताना पाहिलं. गार झालेला, वर साय धरलेला चहा त्या एका घोटात प्यायल्या.

अम्मी म्हणाली, "बेटी, दुसरा मागवते ना, गरम."

"नको. त्यानं हात शेकते मी."

बाई फार गोड होत्या असं कुणाला वाटू नये. त्या लोकांना बोलायच्या, औषधवाल्यांना हाकलायच्या, उशिरा आलेल्या बापांना असं झापायच्या की बाप रडायचा. खोलीबाहेरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं, "दुपटं धुऊ नका." गावोगावच्या बाया प्लास्टिकच्या पिशव्यांत ओकारीची दुपटी बांधून बाकांवर बसायच्या. वास यायचा, नाही कशाला म्हणू. आणि तोच वास ट्रस्टींच्या नाकाला झोंबायला लागला.

आता सौद्याचं सांगतो. बाईंना मोठ्या शहरातून इथं बोलावलं तेव्हा त्यांनी पगाराचं काही विचारलं नाही. फोनवरून एकच अट घातली. तळमजल्यावरची, दाराजवळची खोली बाळांसाठी. तिथं सोनोग्राफीचं यंत्र, शेजारी एक्स-रे, आणि बोलावलं की येणारे भुलीचे डॉक्टर. खोली रिकामी असली तरी रिकामी ठेवायची. त्या अटीवर ट्रस्टींची बैठक झाली तेव्हा बाई अजून इथं आल्या नव्हत्या; बाजाराचा प्रतिनिधी म्हणून मला मात्र बोलावलं होतं. अध्यक्षसाहेब माझ्याकडं हात करून म्हणाले, "दिली खोली. बाजार साक्षीला आहे." गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो. कागद नसतो, कुणी बोललेलं नसतं, तरी तो भाव फिरवणाऱ्याला पुन्हा बाजारात कुणी उभं करत नाही. इथं तर सगळ्यांसमोर, उघड्या तोंडानं शब्द दिला होता.

काही वर्षं पाळला. मग तळमजल्याला फरशी बसली, काचा बसल्या, आणि केस व त्वचेचा नवा विभाग निघाला. त्या विभागाला दाराजवळची खोली हवी होती. बाईंना वर, शेवटच्या मजल्यावर जायला सांगितलं. एक्स-रे खालीच राहिला. भुलीचे डॉक्टर ठरलेल्या वारी येतील असं ठरलं. आतड्याला वार कळत नाही, असं बाई त्यासाठी बोलावलेल्या बैठकीत म्हणाल्या. मीही होतो. अध्यक्षसाहेब हसून म्हणाले, "मॅडम, अशी बाळं रोज कुठं येतात? तुमची खोली अर्धा वेळ रिकामीच असते."

"रिकामी असते म्हणूनच ती कामाची आहे," बाई म्हणाल्या. "आगीचा बंब रोज आग विझवतो का?"

"आणि तो वास," दुसरे एक ट्रस्टी म्हणाले. "समोर लोक बसलेले असतात. बरं दिसत नाही."

मी तिथं जे बोललो ते इथं छापण्यासारखं नाही. बाई खुर्ची सरकवून उठल्या. इतक्या वर्षांत त्या रागावूनही वऱ्हाडीत बोलल्या नाहीत, अशी ती एकच वेळ.

थोड्या दिवसांनी त्या सकाळी गाळ्यावर आल्या. मी सवयीनं पालकाचं चांगलं पान खुडलं आणि पुढं केलं.

"आज जुडी द्या," त्या म्हणाल्या.

"जुडी? काहून?"

"आज खायला पाहिजे."

मला कळलं. मी जुडी दिली. टोमणा सुचला नाही. त्या नागपूरला गेल्या. तिथल्या एका दवाखान्यानं त्यांना खोली दिली आहे, दाराजवळची.

इथली भिंत रंगवून झाली. अक्षरं फिकट होऊन आतून अजून दिसतात. पण बायांना काय ठाऊक? त्यांनी एकदा ऐकलं ते ऐकलं. परवाच्या एका दुपारी मी भाजी उतरवून दवाखान्यावरून येत होतो. फाटकाशी रिद्धपूरकडची एक कोवळी बाई उभी होती. कडेवर तान्हं बाळ, हातात गाठ मारलेली पिशवी. गार्ड तिला सांगत होता, "इथी लेकराचं पाहत नाही आता. इथी केसायचं पाहतात."

"पण दुपटं आणलं म्या," ती म्हणत होती. "न धुता आणलं. जावेनं सांगितलं होतं."

मी पिशवी उघडली. पालकाचं कोवळं पान दगडावर वाटावं, तसं हिरवं. मला आता कुणी शिकवायची गरज नव्हती.

शहरात दुसरे दवाखाने आहेत, हे मलाही माहीत आहे. मी फोन लावले. एका ठिकाणचे बाळांचे सर्जन बाहेरगावी होते, दुसरीकडं भरती करतो, उद्या पाहू म्हणाले. उद्या. मी बाईंना फोन लावला.

"दुपटं आहे का?" पलीकडून पहिला प्रश्न तोच.

"हाय. पालकावानी."

"पोट?"

मी हात लावून पाहिला. हात आधी शर्टाखाली धरून गरम केला होता, हे माझं मलाच नंतर लक्षात आलं. "थोडं फुगलं हाय, बाई. आन् लेकरू लई गप्प."

"दूध पाजू नका. गाडीत घाला. इथं सगळं तयार ठेवते. दुपटं सोबत पाठवा." आणि मग, वऱ्हाडीत, "भाऊ, रस्त्यानं चहाले थांबू नका."

माझ्या पुतण्यानं गाडी काढली. मी फाटकाशी उभा राहिलो. गाडी वळणावर दिसेनाशी झाली, आणि नागपूर किती लांब आहे हे मला त्या दिवशी कळलं. संत्र्याचे ट्रक भरून तिकडं पाठवताना कधी कळलं नव्हतं.

अंधार पडता पडता बाईंचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"वाचलं."

मी देवाचं नाव घेतलं.

"अर्ध्याहून जास्त आतडं काळं पडलं होतं. कापावं लागलं. आता त्याला वाढवणं फार कठीण आहे. पण वाचलं."

त्यांनी फोन ठेवला. इथंच पाहिलं असतं तर, हे त्या कधीच म्हणणार नाहीत. म्हणून मी म्हणतो. माझी नात त्याच दारातून आत गेली होती. तिचं आतडं जांभळं होतं ते गुलाबी झालं, कारण ती खोली तेव्हा रिकामी आणि उघडी होती. रिद्धपूरकडच्या त्या आईनं काही चुकवलं नाही. तिनं दुपटं धुतलं नाही, मेथीला दोष दिला नाही, वाट पाहिली नाही. जे सांगितलं होतं ते सगळं करून ती बरोबर दारात आली होती.

अध्यक्षसाहेब, मी तुमच्याकडं भाव करायला आलेलो नाही. तुम्ही बाजाराला साक्षी धरलं होतं, तर आता बाजार विचारतो आहे, आणि उत्तर तुमच्या काचेच्या केबिनमध्ये नको, इथं लिलावाच्या ओट्यावर, सगळ्यांसमोर पाहिजे. अशीच एक बाई उद्या पिशवी घेऊन तुमच्या फाटकाशी येणार आहे. तिच्या हातातली पिशवी कोण उघडणार? त्या माणसाचं नाव सांगा.